मारुतीच्या गळ्यातले पाच कोष

फुलपाखरांशी माझं वैर नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर लोक म्हणायचे, मास्तर त्या गरीब जिवाच्या नावानं उगीच खडे फोडायलाय. माझं वैर आहे ते छापील कागदावरच्या रकान्याशी. रकाना दिसला की भल्याभल्यांची मती फिरते. माझी तर जरा लवकरच फिरते.

साल त्रेपन्न. गावाचं नाव सांगत नाही. खजुरीपासून दोन कोसांवर, एवढं पुरे. यातली निम्मी माणसं अजून धडधाकट आहेत आणि माझा पत्ता त्यांना ठाऊक आहे. मी तिथल्या एकशिक्षकी शाळेत मास्तर होतो, आणि तोही हंगामी. पोलीस ॲक्शननंतर उर्दू शाळा मराठी झाली तेव्हा मला नेमणुकीचा जो कागद मिळाला, त्यावर 'तूर्त' असं लिहिलं होतं. चार वर्षं झाली तरी सरकारचं तूर्त काही सरत नव्हतं. दर उन्हाळ्यात मला काढायचे आणि मृगात परत घ्यायचे. माझी बायको सुमती भिंतीला साधी खुंटी ठोकू द्यायची नाही. "आधी कायम व्हा, मग ठोका," म्हणायची. चार वर्षं माझी टोपी मी पेटीवर ठेवली.

तर दरवर्षी आषाढात तालुक्याहून एक तख्ता, म्हणजे भरून द्यायचा कागद, यायचा. छापील मजकूर उर्दूत, त्यावर कुणीतरी हातानं मराठी लिहिलेलं. मुलं किती, फळे किती, खडू किती, आणि शेवटचा रकाना: 'शाळेची बाग. कशाची?' आता आमच्या शाळेला विहीर नव्हती. प्यायचं पाणी मुली ओढ्यावरून घागरीनं आणायच्या. तिथं बाग कसली लावता! पण रकान्यात 'नाही' लिहिलं की वरून शेरा यायचा, 'का नाही?' म्हणून आदल्या वर्षी मी 'वांगी' लिहिलं होतं. इन्स्पेक्टरसाहेब पाहायला आले, तेव्हा आळंदच्या बाजारातून वांगी आणली, कुठलीतरी झाडं मातीत रोवली आणि वांगी त्यांना दोऱ्यानं बांधली. साहेबांनी हौसेनं एक तोडलं. वांग्याबरोबर दोरा आला आणि दोऱ्याबरोबर सगळं झाड वर आलं. साहेबांनी झाड परत खड्ड्यात रोवलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

यंदा तख्ता आला आणि मला संताप आला. पाणी द्यायचं नाही, कुंपण द्यायचं नाही, आणि बाग कशाची म्हणून विचारायचं! दौतीत टाक बुडवला आणि लिहिलं: 'फुलपाखरांची.' मनात म्हटलं, आता या पाहायला. फुलपाखरं काय, असतात आणि नसतात. आत्ता होती, आत्ता उडाली. दाखवायची जबाबदारी मास्तरावर नाही. आपल्या हुशारीवर मी इतका खूश झालो की सुमतीला दोनदा वाचून दाखवलं. ती एवढंच म्हणाली, "हे अंगाशी येणार आहे."

आठ दिवसांत त्याच साहेबांचा जबाब आला. 'फुलपाखरांच्या बागेची कल्पना फार आवडली. जिल्ह्यात अशी दुसरी नाही. श्रावणातल्या दुसऱ्या आठवड्यात शुक्रवारी समक्ष पाहण्यास येतो. आपल्याला कायम करण्याबाबतची मिसल सोबत आणतो. बाग पाहून दस्तखत करू.'

मिसल म्हणजे माझ्या नोकरीच्या कागदांचं बाड. चार वर्षं ज्या दस्तखतासाठी जीव टांगला होता, ते आता एका फुलपाखरावर येऊन बसलं होतं. आणि माझ्याकडे फुलपाखरू नव्हतं.

गावात एखादी गोष्ट कुणाला सांगायची नसेल तर रेवणसिद्धप्पाच्या दुकानात बोलू नये, हे मला ठाऊक होतं. तरी मी तिथंच बोललो. मला कुठं काही दाबून ठेवता येतं! रेवणसिद्धप्पा तागडी खाली ठेवून म्हणाला, "हात्तिच्या! एवढंच व्हय? गूळ लावा की झाडाला. गोड वास आला की पाखरं आपसूक येतेत. माझ्याकडं चांगला चिकट गूळ आलाय." बंडेप्पा पाटील तिथं पान लावत बसले होते. त्यांचं म्हणणं, जाळं टाकून धरा आणि पिंजऱ्यात ठेवा, साहेब आला की सोडा. त्यांच्याकडे पोपटाचा पिंजरा रिकामा होता. पोपट कुठं गेला असं मी विचारलं तर म्हणाले, "गजातून निसटला." पोपट निसटतो त्या पिंजऱ्यात फुलपाखरू कसं राहील, हे विचारायची सोय नव्हती. ते पाटील होते.

मी गूळ लावला. शाळेमागच्या पडीक जागेत रुईची झुडपं माजली होती, त्यांना मुलांकरवी गुळाचं पाणी चोपडलं. पहिल्या दिवशी मुंग्या आल्या. दुसऱ्या दिवशी गांधीलमाश्या आल्या आणि चौथीचा वर्ग खिडकीतून बाहेर गेला. तिसऱ्या दिवशी पाटलांची म्हैस आली. तिनं रुई सोडली आणि शाळेचा दरवाजा चाटला, कारण मुलांनी हात तिथं पुसले होते. फुलपाखरू एक नाही.

तेव्हा रेवणसिद्धप्पाचीच मुलगी महानंदा उठून उभी राहिली. चौथीत होती, दहा वर्षांची, कमी बोलायची. म्हणाली, "मास्तर, पाखरू गुळाला येत न्हाई. एक्क्याच्या पानाला अळी असती बघा, पट्ट्यापट्ट्याची. तिचंच पाखरू व्हतंय." एक्का म्हणजे कानडीत रुई. घरात ती आईशी कानडी बोलायची, शाळेत मराठी.

आता मौज बघा. 'अळीचे फुलपाखरू होते' हा धडा मी दरसाल तिसरीला शिकवायचो. फळ्यावर चित्र काढायचो, मुलांकडून घोकून घ्यायचो, न आलेल्याला अंगठे धरायला लावायचो. पण ती अळी शाळेच्या मागं, माझ्या पाठीपासून दहा हातांवर बसलेली असेल असं कधी मनात आलं नव्हतं. धड्यातली अळी धड्यात असते अशीच माझी समजूत. मी महानंदाला म्हटलं, "मला माहीत आहे. तुम्हांला माहीत आहे का, ते बघत होतो." ती हं म्हणाली आणि बसली. मुलांना खोटं कळतं, पण ती बोलून दाखवत नाहीत, एवढा त्यांचा उपकार.

मग मी पेटलो. पडीक जागेला बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. रुई होतीच, मधे मधे तरवड आणि घाणेरी आणून लावली. ही झाडं पाण्यावाचून जगतात, आणि शाळेत तसंच जगावं लागतं. दारावर पाटी लावली, 'फुलपाखरांची बाग. आत येऊ नये.' शेवटी हुकूम सोडला, "उद्या प्रत्येकानं एक एक अळी आणायची. न आणणाऱ्याला वर्गाबाहेर उभं करीन."

कुठली अळी ते सांगायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी अडतीस मुलं अडतीस अळ्या घेऊन आली. ज्वारीच्या, कोबीच्या, शेणातल्या, एक तर गांडूळच होतं. आणि अकरा जणांनी शेवग्यावरचे केसाळ सुरवंट आणले होते, खिशात, टोपीत, एकानं सदऱ्याच्या आत. प्रार्थनेच्या दुसऱ्या ओळीला एकानं मान खाजवली. चौथ्या ओळीला सगळी शाळा खाजवत होती. मी टोपीतला सुरवंट काढायला गेलो आणि प्रार्थना संपेपर्यंत मीही त्यांच्यात सामील झालो.

तासाभरात आया आल्या. प्रत्येकीपाशी औषध वेगळं. एक म्हणाली शेण लावा, एक म्हणाली चिंचेचं पाणी लावा. सिद्धव्वा म्हणून एक म्हातारी होती, तिनं काही न विचारता घोंगडं आणलं आणि माझी मान खसाखसा घासली. "पोरं अशी करतेत म्हनून शाळंत घालतेत, आन मास्तरच अळ्या गोळा करायलाय!" ती घासता घासता म्हणाली. माझी मान आठ दिवस लाल होती. स्वाभिमानाचं काय झालं ते मानेकडं पाहिलं की कळत होतं.

गावात मात्र एकच बोललं जाऊ लागलं, मास्तर अळ्या पाळायलाय. हे जगदेवप्पाच्या कानावर गेलं. त्याचं तुरीचं शेत पडीक जागेला लागूनच, मधे फक्त बांध. तूर गुडघ्याएवढी आली होती. तो बांधावरूनच ओरडत आला. "आमी जल्मभर अळ्या मारायलोत, आन ह्यो सरकारचा पगार खाऊन अळ्या पोसायलाय! माझ्या तुरीत एक जरी घुसली तर सगळं पेटवून देतो बघा!" मी म्हणालो, "ही रुईची अळी आहे. तूर खात नाही." तो म्हणाला, "तुमाला काय ती सांगून गेली व्हय?"

झालं, चावडी बसली. पाटील, चार पंच, जगदेवप्पा, मी, आणि अळी. पितळी परात मधोमध ठेवली. तिच्यात जगदेवप्पानं तुरीचा कोवळा डहाळा ठेवला. पाटलांनी त्याची पानं मोजून घेतली, बावीस. महानंदानं रुईवरची एक अळी बोटावर आणून अलगद सोडली. काळे, पांढरे, पिवळे पट्टे, अंगावर शिंगं. अख्खं गाव दाटीवाटीनं उभं. अळी तूर खाते की नाही याच्यावर बाग ठेवायची की जाळायची ते ठरणार होतं, आणि बागेवर मी.

अळीनं परातीच्या कडेनं चालायला सुरुवात केली. एक फेरा झाला. दोन झाले. पाटील म्हणाले, "वाट हुडकायलीय." मला बसवेना. मी उठलो, बाहेर जाऊन आलो, तर तिचा चौथा फेरा चालू. जगदेवप्पा म्हणाला, "भूक न्हाई तिला. मास्तरनं सकाळीच चारून आणलंय." मी शपथ घेतली. तर एक पंच म्हणाले, "इतकी माणसं बघून लाजायली असंल. आपली नवी सून न्हाई का जेवत सगळ्यांदेखत." हे सगळ्यांना पटलं. मग पाटलांच्या सांगण्यावरून अख्खी चावडी अळीकडं पाठ करून भिंतीकडं तोंड करून बसली. पाटीलसुद्धा. मी आजवर पुष्कळ सभा पाहिल्या, पण इतकी शिस्तीची पाहिली नाही.

बऱ्याच वेळानं सगळे वळले. परातीत तूर होती, अळी नव्हती. एकच गलका उडाला. जगदेवप्पा "माझ्या शेतात गेली!" म्हणून धावत सुटणार, तेवढ्यात महानंदा म्हणाली, "पाटीलअप्पा, हलू नका." अळी पाटलांच्या पटक्यावर होती. तिनं अळी उतरवली, पाटलांनी पानं मोजली, बावीसच्या बावीस. मग तिनं रुईचं पान पुढं धरलं आणि अळी अशी तुटून पडली की चावल्याचा आवाज ऐकू येईल असं वाटलं. पाटलांनी पटका नीट केला आणि निकाल दिला, "राहू द्या. अळी सरकारी हाय, पण गावचं खात न्हाई." जगदेवप्पालासुद्धा हसू आलं.

आता माझे दिवस बरे आले असं मी समजलो. मुलं रोज जाऊन अळ्या बघायची, वहीत चित्रं काढायची. अळ्या जाड झाल्या आणि बुधवारपासून एकेक पानाखाली उलटी लटकली. तिचा कोष व्हायला लागला. पोपटी रंगाचा, वरच्या अंगाला सोनेरी ठिपक्यांची ओळ. महानंदा म्हणाली, "काळा पडला की समजायचं, आता निघतंय." मी बोटं मोजली. साहेब पुढच्या शुक्रवारी. नेम बरोबर लागत होता. शुक्रवारी मी दोनदा, तीनदा, पाचदा कोष पाहून आलो. सुमती म्हणाली, "अहो, बघून लवकर होत नसतंय ते."

पण पंचांग बघायचं माझ्या डोक्यात आलं नाही. दुसऱ्या दिवशी पहिला श्रावणी शनिवार होता.

श्रावणी शनिवार म्हणजे मारुतीला रुईच्या पानांची माळ. एकशे आठ पानांची. सकाळी मी शाळेवर आलो तर बागेत नुसत्या काड्या उभ्या. कुंपण बाजूला सारलेलं, पाटी उलटी पडलेली. खाली पडलेल्या अळ्या पाटलांच्या कोंबड्या वेचत होत्या. मग पंचांग आठवलं. धावतच देवळात गेलो. पुजारी निंगप्पा ओलेत्यानं उभा होता, चेहरा आनंदानं फुललेला. "या मास्तर, बघा यंदा माळ! तुमच्या कुंपणामुळं पानं काय राहिलीत! धूळ न्हाई, जनावराचं तोंड न्हाई. देवासाठीच राखलात जणू."

मारुतीच्या गळ्यात ताजी माळ होती. आणि पानांखाली, छातीवर, पाच पोपटी कोष लोंबत होते. बायका हात जोडून म्हणत होत्या, देवाला सोन्याचे मणी आलेत.

मी म्हणालो, "निंगप्पा, ती पाच पानं मला काढून दे."

निंगप्पाचं तोंड उतरलं. "देवाच्या अंगावरचं? मास्तर, शनिवारची माळ पुढल्या शनिवारी उतरती. मधी हात लावत न्हाईत. तुमाला मी काय सांगावं!"

खरंच मला कुणी काय सांगावं! आम्ही माध्व वैष्णव. मारुती म्हणजे आमचा मुख्यप्राण. माझं नावच प्राणेश, ते त्याच्यावरून ठेवलेलं. लहानपणापासून संध्या केल्याशिवाय पाणी प्यालो नाही, आणि आज मी माझ्या नोकरीसाठी त्याच्या गळ्यातली माळ ओढायला निघालो होतो! लाज वाटली. हात जोडले. पण हात जोडून मागितलं काय? म्हणालो, "देवा, शुक्रवारपर्यंत यांना बाहेर येऊ देऊ नकोस." मारुतीपुढं असं मागणं कुणी केलं नसेल.

सोमवारपासून शाळा देवळाच्या मंडपात भरवली. गावाला वाटलं, मास्तरला भक्तीचा उमाळा आलाय. मुलं पाढे म्हणायची, पण डोळे माळेवर. मुलं एकदा बसली की बसायची. माझं मात्र तसं नव्हतं. मी दर दोन मिनिटांनी उठायचो, गाभाऱ्यापर्यंत जायचो, परत यायचो. बुधवारी एक कोष काळा पडला. मी म्हटलं, आता हलायचं नाही. तेवढ्यात आठवलं, हजेरीपट शाळेत राहिलाय. आणायला गेलो, आलो, तर मुलं म्हणाली, "निघालं मास्तर! मंडपात फिरलं आन गेलं." गुरुवारी सकाळी जगदेवप्पा बाहेरून हाक मारत होता, त्याच्याशी दोन शब्द बोललो, तेवढ्यात दुसरं गेलं. दुपारी खडू आणायला वळलो तर तिसरं. शुक्रवारी सकाळी स्नानाला गेलो तर चौथं. चारही मुलांनी पाहिली, निंगप्पानं पाहिली, सिद्धव्वेनं पाहिली. माझ्यासमोर एकानं पंख हलवला नाही.

साहेब आले तेव्हा मारुतीच्या गळ्यात एकच कोष उरला होता, आणि तो सकाळपासून काळा पडत होता.

साहेब हैदराबादचे. उंच, वाळके, हातात छत्री, खिशात साखळीचं घड्याळ. त्यांना मराठी चांगलं समजायचं, लिहायचेही, पण बोलायचे दखनी. सडकेवर मोटारीतून उतरले ते चालत थेट बागेत. कुंपण पाहिलं, पाटी पाहिली, काड्या पाहिल्या.

"मास्टर, ये तो काड्याँ हैं."

"साहेब, पानं मारुतीला गेली."

"और फुलपाखरां?"

"तीही मारुतीलाच गेली, साहेब."

साहेबांनी छत्रीच्या टोकानं एक काडी हलवून पाहिली. मला वांग्याचा दोरा डोळ्यांसमोर दिसला. मग म्हणाले, "चलो, दिखाओ." देवळाच्या पायरीशी बूट काढले, छत्री टेकवली आणि मंडपात मुलांच्या मागं जमिनीवर बसले. कोषाकडे पाहत विचारलं, "ये कौन है?" महानंदा उठून म्हणाली, "एक्क्याची अळी होती, साहेब. आता कोषात हाय. आज निघंल."

"क्या खाती?"

"फक्त एक्का. तूर खात न्हाई. चावडीत बघितलंय आमी."

साहेब एकेकाला विचारत गेले. अळी किती दिवसांची होते, कात किती वेळा टाकते, कोषाचं तोंड कुठं. मुलं सांगत गेली. मला यातलं निम्मं माहीत नव्हतं. मग साहेब गप्प झाले, मुलंही गप्प झाली. अकरा वाजले होते. साहेबांनी मिसल मांडीवर घेतली. पहिल्या पानावर माझं नाव होतं आणि खाली दस्तखताची जागा कोरी होती.

त्यापुढचे तीन तास माझे कसे गेले ते माझं मला ठाऊक. मी उठलो, ताक आणलं. उठलो, कोष पाहिला. उठलो, मोटार वेळेवर आहे का ते विचारून आलो, जसं काही गावात कुणाला मोटारीचं काही माहीत असतं. साहेबांनी एकदा म्हटलंसुद्धा, "मास्टर, बैठो." मी बसलो आणि उठलो. कोषाच्या आतून नारिंगी पंखांचा रंग दिसत होता, पण तो हलेना की फुटेना. मी मनात मारुतीला म्हणालो, देवा, आधी चुकीचं मागितलं. आता सोड! पण देवाला दरवेळी उलटं सांगून चालत नसावं.

दोन वाजता साहेबांनी घड्याळ पाहिलं. सडकेवरून तीनची मोटार, सडक मैलभर लांब. ते उठले, मिसल बांधली. "मास्टर, ऐसीच ले जाता हूँ. मैं फुलपाखरां देखने आया था."

मी त्यांची पिशवी उचलली आणि सडकेपर्यंत बोलत गेलो. काय काय बोललो ते आज सांगायला लाज वाटते. चार वर्षं, दर उन्हाळा, खुंटी, सगळं बोललो. साहेब चालत राहिले. मोटार आली, ते चढले, मोटार गेली. धुळीत मी एकटा उभा राहिलो.

परत येताना वळणावरच मुलांचा आरडाओरडा ऐकू आला. अडतीसच्या अडतीस नाचत येत होती. "मास्तर! निघालं! तुमी वळणाला गेलाव आन निघालं! पंख ओले होते, वाळवत बसलं, मारुतीच्या खांद्यावर!" मी देवळात धावलो. पानाखाली कागदासारखं पातळ टरफल हलत होतं. आत कुणी नव्हतं.

मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. कायम झालो नाही म्हणून तर आलंच. पण महिनाभर ज्यासाठी जीव टाकला, ते गावातल्या प्रत्येकानं पाहिलं आणि फक्त मला दिसलं नाही, याचं जास्त आलं. मुलांवर ओरडलो, "सुट्टी! निघा सगळे घरी!" मुलं पाट्या उचलून गेली. घरी सुमतीनं माझा चेहरा पाहिला. तिनं पेटी ओढून काढली आणि हिवाळ्याची पांघरुणं घड्या करून तळाशी घालायला लागली.

सोळा दिवसांनी, रविवारी, बाजारकऱ्याच्या हाती टपाल आलं. मला फोडवेना म्हणून सुमतीनं फोडलं आणि मोठ्यानं वाचलं.

'शाळेची बाग: काड्या. फुलपाखरे: आढळली नाहीत. विद्यार्थी: अडतीस, एका कोषापुढे तीन तास बसून होते. कोणी बोलले नाही, कोणी उठले नाही, विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर मिळाले. बावीस वर्षांच्या नोकरीत असे पाहण्यात आले नाही. मास्तर: तीन तासांत एकोणीस वेळा उठले. मुलांना असे पाहण्यास कोणी शिकवले याचा उलगडा झाला नाही. शाळेत मास्तर एकच आहेत. सबब त्यांना कायम करण्यात येत आहे.'

सुमतीनं शेवटची ओळ पुन्हा वाचली आणि ती हसायला लागली. हसता हसता डोळे पुसायला लागली. मला राग आला. एकोणीस! साहेबानं मोजलं होतं! पण तो राग बसून करण्यासारखा नव्हता. मी कागद हिसकावला आणि तसाच अनवाणी धावत सुटलो, कुणालातरी सांगायलाच हवं होतं.

शाळेमागच्या पडीक जागेत सात-आठ मुलं उकिडवी बसली होती, माझ्याकडे पाठ करून. पावसानं रुईच्या काड्यांना कोवळी पानं फुटली होती. मी कुंपणातूनच ओरडलो, "अरे पोरांनो! मी काय—"

महानंदानं मागं न बघता हात वर केला. "मास्तर, हळू की. बसा. अंडी घालायलंय."

मी कागद खिशात कोंबला आणि तिच्या मागं उकिडवा बसलो. नारिंगी पंखांचं, काळ्या कडांचं एक फुलपाखरू पानाच्या कडेला बिलगलं होतं. पोट वाकवून पानाखाली टेकवायचं, एक पांढरा ठिपका ठेवायचं, उडून पुढच्या पानावर जायचं. पुन्हा तेच. एका पानाला एक, जास्त नाही. इतक्या जवळून मी ते आयुष्यात पाहिलं नव्हतं. गुडघे भरून आले, पायाला मुंग्या आल्या, मुलं किती वेळ बसली होती कुणास ठाऊक. मागून सुमती मला हाका मारत आली. मी वळून ओठांवर बोट ठेवलं आणि सरकून तिला बसायला जागा करून दिली.